मदत हवी आहे: गाडीच्या पातळ पेंटवर रबिंग (मशीनने घासून पॉलिश) करू की नको?
काळी हॅचबॅक आहे, रोज हिंजवडी अप-डाऊन, पार्किंग उघड्यावर. गाडी पुसणारे काका धुळीवरच सुकं फडकं फिरवतात त्यामुळे ऊन पडलं की बॉनेटवर नुसते गोल गोल ओरखडे. डिटेलिंगवाल्याने पेंटची जाडी मोजायचा मीटर लावला, दारांवर जेमतेम 85 मायक्रॉन, आणि तरी म्हणतो तीन स्टेज रबिंग करून वर सिरॅमिक कोटिंग मारू, मला धास्तीच वाटतेय कारण त्यात क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) असून असून 35-40 असणार आणि तो गेला की थेट रिपेंटच ना. सॉफ्ट फोम पॅडने फाइन पॉलिशचा एकच हात आणि वर सीलंट (संरक्षक लेप), एवढं पुरे का? खोल ओरखडे राहिले तरी चालतील. फक्त बॉनेट-बंपरला पीपीएफ (पेंटवर चिकटवायची पारदर्शक फिल्म) केलंय का कोणी, पिवळं पडतं का? काकांना काय सांगू तेही सुचवा, ऐकतच नाहीत 😅