मदत हवी आहे: सिंगापूरमध्ये मुलाला एनएसची नोटीस आली आहे, पदवीपर्यंत पुढे ढकलता येते का?

सागर_सिंगापूर
नमस्कार मंडळी. मुलाला एनएस रजिस्ट्रेशनची नोटीस आली आहे. बारावीनंतर त्याने पुण्यात आजी-आजोबांजवळ राहून इंजिनिअरिंग करायचं असं आमचं आधीपासून ठरलेलं आहे. पदवी होईपर्यंत हे पुढे ढकलता येतं का? चार वर्षांनी येऊन करेल. ऑफिसमधला एक जण म्हणतो मुदत मिळते, दुसरा म्हणतो पीआर (म्हणजे इथला कायम रहिवास) सोडून मोकळे व्हा. रजिस्ट्रेशनची तारीख जवळ आली आहे, कृपया लवकर सांगा. नक्की माहिती असेल त्यांनीच लिहा.

मंदार७५
एनएस म्हणजे कॉलेजातली राष्ट्रीय सेवा योजना का? ती तर ऐच्छिक असते. प्राचार्यांना भेटा.

सागर_सिंगापूर
नाही हो. नॅशनल सर्व्हिस. सिंगापूरची सक्तीची लष्करी सेवा, दोन वर्षांची.

चित्रा_वुडलँड्स
सागर, माझे दोन्ही मुलगे एनएस करून आले आहेत, त्यामुळे सांगू शकते. पण अर्धी माहिती तुम्ही दिलेलीच नाही. मुलाचं वय किती? पासपोर्ट भारताचा की सिंगापूरचा? पीआर कधी आणि कोणाच्या अर्जातून मिळाला? आत्ता तो कुठल्या बोर्डाला, कितवीत आहे? उत्तर यावरच ठरतं.

सह्यकडा
यात विचार करण्यासारखं काय आहे? पीआर कॅन्सल करा आणि मुलाला भारतात आणा. आपल्या मुलाने दुसऱ्या देशासाठी बंदूक का उचलायची? माझ्या मेव्हण्याने हेच केलं, आज त्याचा मुलगा बंगळुरूला उत्तम नोकरी करतो.

सागर_सिंगापूर
चित्राताई, आम्हा सगळ्यांना २०१४ मध्ये पीआर मिळाला. पासपोर्ट सगळ्यांचे भारतीय. मुलगा साडेसोळा पूर्ण, इथल्याच भारतीय शाळेत सीबीएसई अकरावी. मला कोडं हे पडलंय की पीआर तर मलाही आहे, मला कधी कोणी बोलावलं नाही. मग त्यालाच का? तो तर भारतीय नागरिक आहे.

चित्रा_वुडलँड्स
हेच बहुतेकांना माहीत नसतं, म्हणून नीट लिहिते. नोकरीच्या जोरावर ज्याने स्वतः पीआर घेतला तो पहिल्या पिढीचा, त्याला सूट असते. आईवडिलांच्या अर्जात ज्या मुलाला पीआर मिळाला तो दुसऱ्या पिढीचा, आणि त्याला सिंगापूरच्या नागरिक मुलासारखीच एनएस लागू होते. पासपोर्ट कुठलाही असो. इथला एनलिस्टमेंट म्हणजे लष्करभरतीचा कायदा तसाच आहे. साडेसोळाला रजिस्ट्रेशन, मग मेडिकल, आणि अठरा पूर्ण झाल्यावर भरती.

आता तुमचा प्रश्न. बारावी, ज्युनिअर कॉलेज, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा इथपर्यंत मुदत मिळते. पदवीसाठी मिळत नाही. सिंगापूरच्या विद्यापीठातल्या पदवीसाठीही नाही आणि परदेशातल्यासाठीही नाही. तेव्हा बारावी होऊ द्या, पुढे आधी एनएस, मग इंजिनिअरिंग. एनएनयू, एनटीयू या इथल्या विद्यापीठांत बारावीच्या मार्कांवर आधी अर्ज करता येतो आणि एनएस संपेपर्यंत जागा राखून ठेवतात. पुण्यातलं कॉलेज दोन वर्षं जागा धरून ठेवणार नाही.

चित्रा_वुडलँड्स
वर एनएनयूच्या जागी एनयूएस वाचावे.

गणेश_जेईई
प्रवेशाचं बोलताय म्हणून लिहितो. जेईई मेन बारावीच्या वर्षी आणि नंतरच्या दोन वर्षांत देता येते. जेईई अॅडव्हान्स्डला बारावीचं वर्ष आणि त्यापुढचं एकच वर्ष. दोन वर्षं सैन्यात गेली तर आयआयटीचं दार बंद. मेन कशीबशी बसेल, पण ती तयारी बराकीत बसून होणार का? मुलगा हुशार असेल तर हे नुकसान छोटं नाही. माझं मत, त्याला आत्ताच अकरावीत असतानाच पुण्याला हलवा आणि क्लास लावा.

चित्रा_वुडलँड्स
गणेश, असा सल्ला कृपा करून देऊ नका. मुलगा तेरा वर्षांचा झाला की तीन महिने किंवा जास्त काळ बाहेर राहण्यासाठी एक्झिट परमिट लागतं. साडेसोळा ओलांडलेल्या मुलाला त्यासाठी बाँड म्हणजे परत येण्याची पैशांची हमीही द्यावी लागते, किमान ७५,००० सिंगापूर डॉलर किंवा आईवडिलांच्या मिळून वार्षिक उत्पन्नाच्या निम्मे, यातलं जे जास्त असेल ते. परमिटशिवाय पुण्यात ठेवला तर गुन्हा होतो. दंड १०,००० डॉलरपर्यंत, कैद तीन वर्षांपर्यंत, किंवा दोन्ही. वर्षानुवर्षांनी परत आलेल्या मुलांना इथल्या कोर्टाने तुरुंगात पाठवलेलं आहे.

सह्यकडा
म्हणूनच म्हणतोय, पीआर सोडा. मग परमिट नाही, बाँड नाही.

निखिल_बुकितबातोक
सोडता येतो, पण फुकट नाही. एनएस न करता पीआर सोडला की ती नोंद कायम राहते. पुढे त्याला सिंगापूरमध्ये शिकायला किंवा नोकरीला यायचं झालं तर त्या अर्जावर परिणाम होतो. आणि फक्त त्याच्यावर नाही. सागर, तुमचं स्वतःचं री-एंट्री परमिट, म्हणजे बाहेर जाऊन आल्यावरही पीआर टिकवणारा परवाना, कधी संपतंय?

सागर_सिंगापूर
पुढच्या वर्षी. त्याचा इथे काय संबंध?

निखिल_बुकितबातोक
सगळा संबंध तिथेच आहे. ज्या पालकाच्या अर्जातून मुलाला पीआर मिळाला, त्या पालकाचं परमिट रिन्यू करताना मुलाने एनएस केली की नाही हे बघितलं जाऊ शकतं. नागरिकत्वाचा अर्ज केलात तर तिथेही. नोकरी आणि घर इथे असेल तर हा निर्णय सगळ्या घराचा होतो, एकट्या मुलाचा राहत नाही.

सह्यकडा
म्हणजे दबावच झाला हा. परक्या मुलांना जबरदस्तीने सैन्यात घ्यायचं!

निखिल_बुकितबातोक
जबरदस्ती कशी? पीआरचा अर्ज करताना हे लिहिलेलं असतं. मुलासाठी पीआर न घेता त्याला डिपेंडंट पासवर (आईवडिलांच्या नोकरीवर मिळणाऱ्या तात्पुरत्या परवान्यावर) ठेवणारी कितीतरी मराठी कुटुंबं माझ्या ओळखीत आहेत. ज्यांनी पीआर घेतला त्यांच्या मुलांना सरकारी शाळेत परदेशी मुलांपेक्षा कमी फी बसली, प्रवेशात प्राधान्य मिळालं. शेजारच्या मलय आणि चिनी घरांतली मुलं त्याच वयात दोन वर्षं देतात. त्यांच्या आयांना काय वाटत असेल?

सागर_सिंगापूर
आमचा मुलगा सरकारी शाळेत नव्हता. फीची सवलत आम्ही घेतलेली नाही. कृपया भांडू नका, मला उत्तर हवं आहे.

इतिहासप्रेमी
थोडी पार्श्वभूमी देतो, त्याशिवाय हे धोरण कळत नाही. १९६५ मध्ये सिंगापूर मलेशियापासून वेगळं झालं तेव्हा त्यांच्याकडे पायदळाच्या फक्त दोन बटालियन होत्या. भारतासह काही देशांकडे मदत मागितली, शेवटी इस्रायलचे सल्लागार आले. शेजारी मुस्लिम देश असल्यामुळे गवगवा नको म्हणून त्यांना 'मेक्सिकन' म्हणायचे. १९६७ मध्ये सक्तीची सेवा सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी ब्रिटिशांनी १९७१ पर्यंत तळ सोडणार असं जाहीर केलं. आधी सेवा अडीच वर्षांपर्यंत होती, २००४ मध्ये सगळ्यांसाठी दोन वर्षं केली. आता अडचण वेगळी आहे. नागरिक जेमतेम छत्तीस लाख आणि जन्मदर बाईमागे एका मुलाच्याही खाली गेलाय. २०३० पर्यंत सैन्याचं मनुष्यबळ एक तृतीयांशाने घटेल असं त्यांचं संरक्षण मंत्रालयच सांगत आलंय. त्यामुळे ड्रोन आणि कमी माणसांत चालणाऱ्या तोफा घेतल्या जातायत. अशा देशाला एकेक मुलगा मोजावा लागतो, म्हणून पदवीसाठी सूट नाही.

देवळालीकर
तोफांचा विषय निघाला म्हणून सांगतो, सिंगापूरचे तोफखान्याचे जवान सरावाला आमच्या देवळालीला येतात! 'अग्नी वॉरियर' नावाचा संयुक्त सराव असतो, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तेरावा झाला. त्यांच्याकडे लांब पल्ल्याचा गोळा टाकायला जागाच नाही, बेटाच्या या टोकाकडून त्या टोकाला पडेल. सागरभाऊ, तुमचा मुलगा तोफखान्यात गेला तर कदाचित नाशिकलाच येईल, घरचं जेवण आम्ही देऊ.

कर्नल_निवृत्त_सातारा
सैन्यातच जायचं तर मुलाला खडकवासल्याला एनडीएला बसवा. साडेसोळा वय अगदी योग्य आहे. दोन वर्षांत सैनिक घडत नाही, अधिकारी तर नाहीच. उद्यापासून सकाळी पाच किलोमीटर पळायला लावा आणि एसएसबी मुलाखतीची तयारी सुरू करा.

सागर_सिंगापूर
सर, आदर आहे, पण त्याला सैन्यात करिअर करायचं नाहीये. आणि लहानपणी त्याला दमा होता, त्यामुळे आईला जास्त काळजी आहे. पळणं, चिखल, ती उष्णता.

चित्रा_वुडलँड्स
अहो, दम्याचं हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं! मेडिकलच्या दिवशी हे नक्की सांगा. तिथे तपासून पीईएस ग्रेड देतात: ए आणि बी म्हणजे लढाऊ कामासाठी योग्य, सी आणि ई असेल तर ऑफिस, स्टोअर, ट्रान्सपोर्टसारखी कामं, एफ म्हणजे सेवेतून मुक्त. जुनी प्रिस्क्रिप्शन, इनहेलर कधीपर्यंत चालू होता याची नोंद, छातीच्या तपासण्या, पुण्याच्या डॉक्टरांकडची फाईल, सगळं मागवून घ्या. कागद नसेल तर डॉक्टर फक्त त्या दिवशी दिसतं त्यावर ठरवतात.

योगवर्ग_डोंबिवली
दम्यावर अनुलोम-विलोम आणि भस्रिका रोज सकाळी. माझ्या भाचीचा इनहेलर सुटला.

चित्रा_वुडलँड्स
ताई, भस्रिका दम्याच्या मुलाने डॉक्टरांना न विचारता करू नये. आणि इनहेलर तर अजिबात स्वतःहून बंद करू नये.

तेकाँगचा_ओंकार
मी गेल्या वर्षी ओआरडी झालो, म्हणजे माझी सेवा संपली. पीआर, भारतीय पासपोर्ट, सागरकाकांच्या मुलासारखीच केस. कोणी मुलाच्या बाजूने लिहिलं नाही म्हणून लिहितोय.

पहिल्या दिवशी आईबाबा चांगीहून फेरीने तुमच्याबरोबर तेकाँग बेटावर येतात. बंक दाखवतात, कुकहाऊसमध्ये सगळे एकत्र जेवतात, मग पालक परत जातात आणि तुमचे केस उतरवतात. व्हेज जेवण मिळतं, आधी कळवायचं. फिट मुलांचं बेसिक ट्रेनिंग नऊ आठवड्यांचं. सुरुवातीला घरी सोडत नाहीत, मग शनिवार-रविवारी बुक आउट, म्हणजे घरी जायची सुट्टी मिळते. पाणी सगळ्यांना एकत्र उभं करून, मोजून प्यायला लावतात, कारण तिथे उन्हापेक्षा दमटपणा जास्त त्रास देतो. २०१८ मध्ये उष्माघाताने एक मुलगा गेला, २०१९ च्या जानेवारीत आणखी एका मृत्यूनंतर सगळ्या सैन्याच्या ट्रेनिंगचा वेग कमी करून सुरक्षेचा आढावा घेतला. त्यानंतर त्रास होत असेल तर हात वर करायला लाजू नका हे आमच्या सार्जंटने रोज सांगितलं. काकू, तुमचा मुलगा हात वर करणारा असेल तर त्याला धोका कमी. तो गप्प सोसणारा असेल तर त्याला आत्तापासून बोलायला शिकवा.

फील्ड कॅम्पच्या, म्हणजे जंगलात राहून करायच्या सरावाच्या, मधल्या रात्री घरून आलेली पत्रं वाटतात. आईवडिलांकडून ती आधी मागवून घेतात, मुलांना माहीत नसतं. माझ्या आईने मराठीत लिहिलं होतं. चिखलाने भरलेल्या हातात टॉर्च धरून वाचलं. शेजारचा तमिळ मुलगा आणि मी, दोघंही रडलो. बाकी काही आठवलं नाही तरी ते आठवतं.

वाईटही सांगतो. भत्ता महिन्याला सात-आठशे डॉलरच्या घरात, पगार नाही तो. माझ्या वर्गातली भारतात गेलेली मुलं आज तिसऱ्या वर्षाला आहेत, मी पहिल्या. दोन वर्षांतले शेवटचे कित्येक महिने मी स्टोअरमध्ये सामान मोजत काढले, तिथे काही शिकलो असं म्हणता येणार नाही. आणि हे दोन वर्षांत संपत नाही. पीआर राहिलात तर दहा वर्षं, वर्षाला चाळीस दिवसांपर्यंत बोलावू शकतात. सोडायचाच असेल तर एनएस पूर्ण करून पीआर सोडलेला चालतो, मग तो डाग राहत नाही.

सह्यकडा
ओंकार, तुझ्याबद्दल आदर वाटला. पण परदेशी सैन्यात काम केलं म्हणून भारताचा पासपोर्ट अडचणीत नाही का येत?

तेकाँगचा_ओंकार
माझा पासपोर्ट तोच आहे, रिन्यूही झाला. पुढे सिंगापूरचं नागरिकत्व घेतलं तर मात्र तो सोडावा लागतो, कारण दोन्ही देश दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाहीत. तेव्हा ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) लागतं आणि त्या अर्जात परदेशी लष्करी सेवेबद्दल विचारतात. सक्तीची सेवा केलेल्यांनी डिस्चार्जचे कागद जपून ठेवावेत आणि आधी भारतीय उच्चायोगात लेखी विचारावं.

मीनल_पुंगोल
मला दोन मुली आहेत. त्यांनाही लागू होतं का?

निखिल_बुकितबातोक
नाही, फक्त मुलांना. मुली स्वतःहून गेल्या तर जाऊ शकतात.

सागर_सिंगापूर
सगळ्यांचे आभार. रजिस्ट्रेशन आज ऑनलाइन करून टाकलं, ते न करण्यात काही अर्थ नव्हता. बारावीपर्यंतच्या मुदतीचा अर्ज करतोय. दम्याची फाईल पुण्याहून माझा भाऊ पाठवतोय. पीआरचं अजून ठरलेलं नाही. मुलगा म्हणतो मी करतो, माझे मित्र जाणार आहेत. आई नको म्हणते. मला स्वतःला त्याची दोन वर्षं जाण्याचं फार वाईट वाटतंय, ते लपवत नाही. ओंकार, तू फिट मुलांचं ट्रेनिंग वेगळं असतं म्हणालास, फिट असेल तर सेवाही कमी होते का?

तेकाँगचा_ओंकार
काका, भरतीआधी आयपीपीटी ही शारीरिक चाचणी पास झाला तर दोन महिने माफ होतात, चोवीसऐवजी बावीस. तीनच गोष्टी आहेत: पुश-अप्स, सिट-अप्स आणि २.४ किलोमीटर धावणं. पहिल्या दोन घरी होतात, पळण्यातच मुलं अडकतात. आधी मेडिकल होऊ द्या, दम्याचं डॉक्टर काय म्हणतात ते बघा, मग मैदानावर घेऊन जा. त्याला चालणार असेल तर मला मेसेज करायला सांगा, मी जुरोंगलाच पळतो, रविवारी सकाळी बरोबर घेऊन जाईन.