स्टुडिओ पोर्ट्रेटसाठी मीडियम फॉरमॅट : गरज की हौस?

उजेडवाला, नौपाडा
वागळे इस्टेटच्या गाळ्यात स्टुडिओ चालवणारा एक मित्र फुल-फ्रेम कॅमेरा विकून फुजीचा जीएफएक्स १००एस-२, म्हणजे त्याहून मोठ्या सेन्सरचा मीडियम फॉरमॅट, घ्यायला निघालाय. म्हणे, चेहऱ्याला वेगळीच खोली येते. माझं मत : स्टुडिओत ती खोली दिव्यांनी येते, सेन्सरने नाही. फुल-फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिमी, याचा ४३.८ बाय ३२.९. क्षेत्रफळ जेमतेम १.७ पट. त्याची ११० एमएम एफ/२ लेन्स फुल-फ्रेमच्या हिशेबात साधारण ८७ एमएम एफ/१.६ पडते (एफचा आकडा जितका लहान, तितकी पार्श्वभूमी धूसर). ८५ एफ/१.४ तर आपल्यातल्या निम्म्यांच्या बॅगेत असते! आणि फ्लॅशवर आपण लावतो एफ/८. तिथे धूसर पार्श्वभूमीचा तो 'मीडियम फॉरमॅट लुक' उरतो कुठे? त्या पैशात मोठा ऑक्टाबॉक्स (उजेड मऊ करणारा अष्टकोनी डबा) आणि दोन चांगले स्ट्रोब (स्टुडिओ फ्लॅश) येतील.

नथवाली, नेरूळ
धूसर पार्श्वभूमी म्हणजेच पोर्ट्रेट, असं कोणी सांगितलं? पैठणीचा पदर २४ मेगापिक्सेलवर काढून बघा. बारीक विणीवर मॉइरेचे रंगीत पट्टे उठतात, ते काढताना जीव जातो. १०२ मेगापिक्सेलला वीण बरीच नीट सुटते. दागिन्यांच्या कामात तर कमरेपर्यंतच्या फ्रेममधून नुसती नथ कापून घेता येते, मोती न् मोती शाबूत. वर १६ बिटची रॉ (कच्ची) फाईल, म्हणजे रंगांच्या छटा जास्त.

उजेडवाला, नौपाडा
एक्सपोजर नीट असेल तर १४ आणि १६ बिटमधला फरक प्रिंटवर दाखवा, वडापाव माझ्याकडून. १२ बाय १८ इंची प्रिंटला ३०० डीपीआयने २० मेगापिक्सेलसुद्धा लागत नाहीत. नथच कापायची तर सोनीचा ए७आर-५ आहे, फुल-फ्रेममध्येच ६१ मेगापिक्सेल.

रात्रपाळी रिटचर
माझं कोणी विचारणार आहे का? १०२ मेगापिक्सेलची फाईल १६ बिटमध्ये उघडली की एकेक लेअर ६०० एमबीच्या वर. नवरीच्या गालावरचं प्रत्येक छिद्र मोजता येतं. क्लायंट ते झूम करून बघतो, खूश होतो आणि मग म्हणतो, 'जरा स्मूद करा ना.'

घोडबंदरकर
सिंकचं, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणाऱ्या सर्वांत जलद शटरचं, कोणीच बोललं नाही. जीएफएक्सचा फ्लॅश सिंक १/१२५ सेकंद, फुल-फ्रेमचा साधारण १/२०० ते १/२५०. गाळ्याला मोठ्या खिडक्या असतील तर इतक्या हळू शटरमध्ये दुपारचा उजेड फ्रेममध्ये घुसणारच. हासेलब्लाडच्या एक्स मालिकेत शटर लेन्समध्येच असतं, तिथे १/२००० लाही फ्लॅश चालतो. मीडियम फॉरमॅटच घ्यायचा तर या कारणासाठी घ्या.

उजेडवाला, नौपाडा
किंवा खिडकीला काळा पडदा लावा!

नथवाली, नेरूळ
पडद्याने मॉइरे जात नाही, साहेब. माझे क्लायंट होर्डिंगसाठीही फाईल मागतात आणि कॅटलॉगसाठीही, त्याच शॉटमधून. लग्नाचे अल्बम करणाऱ्याने घेऊ नये, हे मान्य. पण मित्राचं काम कुठलं, ते तुम्ही अजून सांगितलंच नाही.

उजेडवाला, नौपाडा
कॉर्पोरेट हेडशॉट. लिंक्डइनवर अंगठ्याएवढे दिसणारे.

नथवाली, नेरूळ
अरे देवा. मग त्याला थांबवा. माझ्यासारखीचं काय ते मात्र भाड्याने दोन्ही बॉडी आणून बघू. दिवे तेच, मॉडेल तीच.

उजेडवाला, नौपाडा
चालेल. माझा एफ/८ तर तुमच्या मोठ्या सेन्सरला एफ/१०, म्हणजे धूसरपणा सारखा; नाहीतर तुलनेला अर्थ नाही. पैठणी तुम्ही आणा.