शब्दचर्चा : कॅडमधल्या ‘डायनॅमिक ब्लॉक’ला मराठीत काय म्हणावं?

गुण्या-ओळंबा :
आयटीआयच्या आरेखक ट्रेडची काही मुलं माझ्याकडे ऑटोकॅड, म्हणजे संगणकावर नकाशे काढायचा कॅड प्रोग्राम, शिकायला येतात. सगळी मराठी माध्यमातली. त्यांच्यासाठी चार पानांचं टिपण लिहायला घेतलंय. रेघ, वर्तुळ, थर इथपर्यंत ठीक चाललं होतं, गाडी अडली ती ‘डायनॅमिक ब्लॉक’पाशी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : दार एकदाच काढायचं, त्याचा ब्लॉक करून ठेवायचा. नकाशात टाकल्यावर त्याच्या कडेला निळसर बाण दिसतो. तो धरून ओढला की ९०० मिमीचं दार ७५०चं होतं. शयनगृहाचं दार संडास-बाथरूमला चालतं, दुसरं काढावं लागत नाही. भाषांतराच्या यंत्राला विचारलं तर ते म्हणालं ‘गतिमान ठोकळा’. हे वर्गात म्हटलं तर पोरं आठवडाभर मला त्याच नावानं हाक मारतील.

शाईदौत :
आधी ‘ब्लॉक’चाच निकाल लावू. मराठीत या शब्दाचा संसार मोठा आहे. उपनगरातला दोन खोल्यांचा ब्लॉक, रविवारचा मेगाब्लॉक, अंगणातले पेव्हर ब्लॉक, भांडण झाल्यावर व्हॉट्सॲपवर केलेलं ब्लॉक. शिवाय जुन्या छापखान्यातले जस्ताचे ब्लॉक. वर्तमानपत्रातला फोटो त्यांवरूनच छापला जायचा. तुमच्या कामाचा अर्थ मला या शेवटच्याशी जुळताना दिसतो : एकदा कोरायचं, हवं तितक्यांदा उमटवायचं. मग ‘ठोकळा’ कशाला? ठोकळ्यात नुसता घट्टपणा आहे, पुन्हा पुन्हा उमटणं नाही. ठसा म्हणा.

रंधा-पटाशी :
ठसा बरा आहे, पण मराठीत ठसा म्हणजे उमटवायचं साधनही आणि उमटलेली खूणही. कॅडमध्ये या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्याच लागतात. फाइलच्या पोटात ब्लॉकची व्याख्या एकच असते. नकाशावर दिसतात ते तिचे पन्नास दाखले. व्याख्या बदलली की पन्नासही बदलतात. नव्या मुलांचा पहिला गोंधळ इथेच होतो : ‘सर, मी एकच खुर्ची बदलली, सगळ्या कशा बदलल्या?’

म्हणून मोदकाचा साचा आणि त्यातून निघालेला ठसा अशी जोडी करा. कल्पना काही कालची नाही. १९६३ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ हा आकृत्या काढायचा प्रोग्राम केला, त्यात मूळ आकृती आणि तिचे दाखले हा भेद होता. मूळ बदललं की दाखले बदलत. रेघा समांतर ठेव, सारख्या लांबीच्या ठेव, अशी बंधनंही त्यात घालता येत. ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीचा जन्म १९८२चा, म्हणजे त्यानंतर १९ वर्षांनी.

गुण्या-ओळंबा :
साचा आवडला, पण ‘टेम्प्लेट’ फाइलला मी आधीच साचा म्हणून बसलोय.

रंधा-पटाशी :
तिला ‘कोरा नमुना’ म्हणा. टेम्प्लेटमधून काही उमटत नाही, तिथून नुसती सुरुवात होते. साचा हा शब्द तिच्यावर वाया घालवू नका.

कमांडलाइन :
तुमचं चालू द्या. आमच्या ऑफिसात ‘ब्लॉक टाक’, ‘ब्लॉक फोड’, ‘ट्रिम मार’, ‘फिलेट मार’, ‘पर्ज मार’ एवढ्यावर पंधरा मजली इमारती उभ्या राहिल्या. आणि ठशाला एक अडचण आहेच : ठसा फोडणार कसा?

शाईदौत :
फोडणे इथे ‘डोकं फोडणे’मधलं नाही हो. आपण संधी फोडतो, समास फोडतो, पाचशेची नोट फोडतो. जोडून एक झालेलं सुटं करणं. ब्लॉक फोडला म्हणजे दाराच्या रेघा पुन्हा सुट्या झाल्या. कोण्या आरेखकाच्या तोंडून हा शब्द आपसूक निघाला असणार आणि तो अगदी बरोबर बसलाय. ‘ठसा सुटा केला’ म्हणा किंवा ‘फोडला’ म्हणा, दोन्ही चालेल.

गुण्या-ओळंबा :
आता मुख्य दुखणं. ‘डायनॅमिक’. आणि त्याच्या पोटातलं ‘स्ट्रेच’. मी ‘ताणणे’ लिहिलंय.

रंधा-पटाशी :
‘ताणणे’ खोडा. रबर ताणलं की लांब होतं आणि बारीकही होतं. कॅडमधल्या स्ट्रेचमध्ये काहीच बारीक होत नाही. तुम्ही एक चौकट आखता. तिच्या आत पूर्ण आलेल्या वस्तू जशाच्या तशा सरकतात. ज्या रेघा चौकट ओलांडून जातात त्यांचं फक्त आतलं टोक सरकतं, बाहेरचं जागच्या जागी. म्हणजे क्रिया आहे ती सरकण्याची.

हा नुसता शब्दाचा कीस नाही, उदाहरण देतो. दाराला दोन बाह्या, म्हणजे चौकटीचे उभे तुकडे, प्रत्येकी ७५ मिमीच्या. मधे ९००चं दार. नवखा माणूस अख्खं दार ‘स्केल’ करून ७५०चं करतो. दार होतं ७५०चं, पण बाह्याही आकसून ६२.५च्या होतात. त्या मापाचं लाकूड कोण कापणार? ‘स्केल’ गुणतं, ‘स्ट्रेच’ मिळवतं किंवा वजा करतं. मराठी शब्दांतून हा फरक ऐकू आला पाहिजे. म्हणून स्केलला ‘पटीत बदलणे’ आणि स्ट्रेचला ‘सरकवणे’.

गंमत अशी की एकाच दारात दोन्ही लागतात. बाही सरकवायची. दाराची फळी उघडी काढलेली असते, म्हणजे ती भिंतीशी काटकोनात उभी. तिलाही सरकवायचं, पण त्या क्रियेच्या गुणधर्मांत कोन ९०° वळवून. आणि दार उघडल्याचा जो कंस असतो तो पटीत बदलायचा, बिजागरीचा बिंदू पाया धरून. इथे माझी पहिल्या वर्षी चांगलीच फजिती झाली होती. माप मी बाह्यांच्या बाहेरून बाहेर घेतलं : ९०० अधिक १५०, म्हणजे १०५०. ते ९०० केलं. फळी बरोबर ७५०ची झाली. कंस मात्र १०५०ला ९०० याच पटीत घटला आणि ७७१.४वर थांबला. फळीचं टोक आणि कंस यांच्यात २१ मिमीची फट. दोन दिवस प्रोग्रामला शिव्या घातल्या, चूक माझ्या मापाची होती. माप बाहीच्या आतून आत घ्यायचं, म्हणजे कंसाची त्रिज्या आणि माप एकच राहतं.

सुईदोरा :
मी या धंद्यातली नाही, शिवणकाम करते. पण वाचताना वाटलं, हे तर आमचंच. पँट कमरेला ढिली करायची तर मागची शिवण उसवून आतली माया बाहेर काढतो. कंबर दोन इंच वाढते, खिसा आहे तेवढाच राहतो. पाहिजे तिथेच वाढवायचं, बाकीच्याला हात लावायचा नाही.

शाईदौत :
वा, ताई! ‘मायेचा ठसा’ म्हटलं तर थेट कवितेत जाऊन पडू, पण टिपणात समजावून सांगायला याच्यापेक्षा सोपं उदाहरण नाही.

कमांडलाइन :
आता जरा गंभीरपणे. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एका नावात कोंबताय. मापाचा बाण आणि त्याला बांधलेली क्रिया, हा प्रकार ऑटोकॅड २००६मध्ये आला. २०१०मध्ये बंधनं आली : ही रेघ त्या रेघेला समांतर, ही दोन टोकं एकत्र, आणि मापांमध्ये सूत्र. खिडकीची झडप म्हणजे रुंदीच्या निम्मी असं लिहून ठेवता येतं. साध्या नकाशात आकृती आधी असते, माप ती केवढी आहे एवढंच सांगतं. इथे माप हुकूम देतं आणि आकृती तो पाळते. ‘पॅरामेट्रिक’ म्हणतात ते हे. याला ‘सरकता’ कसं म्हणाल?

शाईदौत :
पॅरामीटरला पारिभाषिक शब्द ‘प्राचल’ आहे. ‘प्राचलिक ठसा’ बिनचूक होईल आणि कोणालाही कळणार नाही. तुमच्याच वाक्यात उत्तर आहे, आकृती मापाच्या हुकमात. पराधीन, दैवाधीन, तसा मापाधीन. मापाधीन ठसा.

रंधा-पटाशी :
मापाधीन झकास. बाणवाल्याला ‘सरकता ठसा’ आणि बंधनवाल्याला ‘मापाधीन ठसा’. सरकत्या ठशाला हवी तीच मापं घेऊ द्यायची असतील तर यादी देता येते : ७५०, ९००, १०००, १२००. मग बाण ओढला की तो त्याच मापांवर थांबतो, ८८७.३ असलं काही होत नाही. ही यादी भरायला मुलांना जरूर शिकवा.

गुण्या-ओळंबा :
एक राहिलं. बाण ओढून माप बदललेला ठसा प्रोग्राम आतल्या आत वेगळ्या नावानं ठेवतो. ताऱ्याचं चिन्ह, मग यू, मग आकडा. दारांची मोजदाद करायला लिस्प (ऑटोकॅडच्या आत चालणाऱ्या भाषेतला छोटा प्रोग्राम) चालवलं तर साध्या नावानं शोधून निम्मी दारं सापडतच नाहीत. या नावाला ‘अनामिक’ लिहू?

कमांडलाइन :
बेनामी! मालक एक, कागदावर नाव दुसऱ्याचं. पोरांना लगेच कळेल. खरं नाव काढायला ‘इफेक्टिव्ह नेम’ हा गुणधर्म वाचायला लावा, त्यात मूळ साच्याचं नाव मिळतं.

गुण्या-ओळंबा :
ठरलं तर. साचा, ठसा, सरकता, मापाधीन, बेनामी. ब्लॉकची व्याख्या जिथे बदलतात त्या ब्लॉक एडिटरला ‘साचाघर’ लिहितोय. कमांड आहे तशीच, बीएडिट. कंसातल्या फटीचा किस्सा रंधा-पटाशी यांच्या परवानगीनं टिपणात घेतो.

रंधा-पटाशी :
घ्या की. फक्त दोन दिवस लिहू नका, एक लिहा.