मदत हवी आहे: कबड्डीतला जुना गुडघा आणि आता पोराचा हट्ट

नमस्कार मंडळी. मी तासगावकडचा, वय ४७, द्राक्षबाग आहे. १९९३ ते २००१ गावच्या संघातून कबड्डी खेळलो, उजवा कोपरा सांभाळायचो. तेव्हा मॅट कुठली, मातीच.

१९९८ ला एका पकडीत उजव्या गुडघ्यात कट्ट वाजलं. रात्रीपर्यंत गुडघ्याचा भोपळा. हाडवैद्याकडं चोळून घेतलं, पट्टी आवळली आणि १५ दिवसांत परत मैदानात. पुढं वळताना गुडघा निसटायचा, तरी तीन वर्षं रेटलं. (मूर्खपणाच होता, शिव्या घाला.)

परवा ठिबकची नळी बघायला उकिडवा बसलो तो उठताच येईना. सांगलीत दाखवलं. एमआरआयमध्ये एसीएल (गुडघ्यातली सांधा धरून ठेवणारी दोरी) जुनीच तुटलेली, आतली गादी फाटलेली. उभ्यानं काढलेल्या एक्स-रेत सांध्याची फट कमी. डॉक्टर म्हणाले, दोरी तुटली की सांधा सैल राहतो, गादी दळली जाते आणि १०-२० वर्षांत झीज दिसायला लागते. सांधा बदलायला वय लहान, कृत्रिम सांधाही झिजतो. मांडीचे स्नायू कमवा, वजन ८९ आहे ते उतरवा. १ किलो उतरलं की चालताना गुडघ्यावरचा भार पावलागणिक ४ किलोनं कमी होतो म्हणे.

आमच्या संघाचा डावा कोपरा सांभाळणारा गडी तेवढेच सामने खेळला, मोठा मार कधी लागला नाही. तो आजही दंडोबाचा डोंगर चढतो. मग गुडघा खेळानं गेला की अंगावर काढल्यानं?

विचारायचं कारण, पोरगा १४ वर्षांचा, शाळेच्या संघात आहे. मागच्या महिन्यात घोटा मुरगळला तर सामना हुकेल म्हणून आमच्यापासून लपवलं. घरची मंडळी म्हणतात, खेळ बंद. मला ते पटत नाही, पण तोंड कुठल्या तोंडानं उघडू? जुन्या खेळाडूंनी अनुभव सांगा.

प्रतिसाद:
दादा, मी फिजिओ आहे, कबड्डी-खोखोची पोरं रोज बघतो. नुसत्या खेळण्यापेक्षा दुखापत अंगावर काढणं जास्त महागात पडतं. पोराला त्या पायावर ३० सेकंद तोल धरता येतो का, न दुखता उडी मारता येते का बघा. नसेल तर सामना नाही. वॉर्मअपमध्ये उडी मारून गुडघे आत न पाडता उतरायचा सराव घ्या. तुम्ही नीकॅपच्या भरवशावर राहू नका, टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली दाबायचा व्यायाम रोज करा. आणि उकिडवं बसणं सोडा, बागेत छोटा स्टूल न्या.

धागाकर्ता:
आत्ताच उभा करून बघितला. दहा सेकंदांत पाय टेकला. उद्या मिरजेला नेतो.