मुलांना पालेभाजी-कडधान्याची गोडी लावायचीय, पण माशाला वाईट न म्हणता. कसं करू?

शाळेतली_बाई (देवगड तालुका)

नमस्कार मंडळी. मी किनाऱ्याजवळच्या एका शाळेत पाचवी ते सातवीला शिकवते. यंदा आरोग्यदायी आहार हा विषय माझ्याकडे आलाय, म्हणजे मुलांनी भाज्या, फळं, कडधान्यं जास्त खावीत म्हणून दर शनिवारी काहीतरी उपक्रम घ्यायचा. मी अगदी मनावर घेतलंय पण पहिल्याच शनिवारी गाडी अडली.

झालं असं की तयार मिळालेला तक्ता भिंतीवर लावला, त्यावर ब्रोकोली, अॅव्होकॅडो, ऑलिव्हचं तेल असलं सगळं. सहावीतल्या एकाने विचारलं, बाई ह्यातलं आमच्या बाजारात काय मिळतं? आणि लगेच दुसरा प्रश्न, "आमच्याकडे माशाशिवाय जेवण नसतं, मग आम्ही वाईट खातो काय?" त्याचे वडील होडीवर जातात. मी नाही रे बाळा म्हटलं पण पुढे काय सांगायचं ते सुचेना, आणि तो जो गप्प झाला तो तास संपेपर्यंत बोलला नाही.

दुसरी गोष्ट जास्त लागली. छोट्या सुट्टीत पाचवीतली एक मुलगी डब्याचं झाकण अर्धवट उभं धरून त्याच्या आडोशाला खात होती. बघितलं तर नाचणीची भाकरी आणि कुळथाची घट्ट पिठी. बाजूला वेफर्सचं पाकीट मधोमध उघडून चौघी खात होत्या. विचारलं तर म्हणे काळी भाकरी बघून हसतात. म्हणजे ज्या डब्याचं मी कौतुक करायला हवं तोच लपवावा लागतोय.

तर कुणी शाळेत किंवा अंगणवाडीत असं काही केलं असेल तर सांगा. अजून एक, शाळेची परसबाग कातळावर आहे आणि जे लावू ते माकडं खातात, त्यावरही कुणाकडे उपाय असला तर हवाय.

खाडीकाठचे_गुरुजी (गुहागर)

बाई, तो तक्ता उतरवून कपाटात ठेवा. बत्तीस वर्षं शिकवून मी निवृत्त झालो, त्यातली निम्मी किनाऱ्यावरच्या गावांत गेली, म्हणून हक्काने सांगतो.

आपल्याकडे वर्षाचं वेळापत्रकच तुमच्या बाजूने आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर काढलेल्या, आणि शाळा उघडते जूनच्या मध्याला. बरोबर त्याच वेळी पहिल्या पावसाने टाकळा वर येतो, मागोमाग कुर्डू, फोडशी, भारंगी, तेरं, मग कंटोळी. ताजी मासळी नसते तेव्हा आपल्या आज्या-पणज्यांनी काय शिजवलं हा तुमचा पहिला धडा. त्यात मासा वाईट असं कुठेच येत नाही, मासा सुट्टीवर गेलाय एवढंच येतं.

मी मुलांना टाकळ्यापासून सुरुवात करून द्यायचो. सकाळी पानं बघून ठेवा आणि दिवे लागायच्या वेळी परत जाऊन बघा असं सांगायचो. पानं मिटलेली असतात. दुसऱ्या दिवशी सगळी पोरं ते सांगायला माझ्या आधी शाळेत. मग त्याच टाकळ्याची कोवळी पानं, कांदा, ओलं खोबरं आणि गेल्या उन्हाळ्यातल्या सुकवलेल्या फणसाच्या आठळ्या, अशी भाजी शाळेत करायची. जी भाजी मुलाने स्वतः खुडली ती तो निदान चाखून तरी बघतो, हा माझा अनुभव.

पण दोन गोष्टी डोळ्यात तेल घालून बघा. एक म्हणजे घरातलं जाणतं माणूस ओळखेल तीच भाजी आणायची, मुलांनी आपल्या मनाने काही तोडून तोंडात घालायचं नाही. तेरं, अळू हे चिंच नाहीतर कोकम घालून नीट शिजवल्याशिवाय घसा धरतं. दुसरं, आंबा-काजूच्या बागांत हल्ली सर्रास तणनाशक मारतात, तिथला पाला अजिबात नको आणि डांबरी रस्त्याच्या कडेचाही नको. आणि आज्यांना बोलवा. नुसतं निमंत्रण नको, त्यांना बाकावर बसवून शिकवायला सांगा.

मालवणी_आवस (मालवण)

बाई मी त्याच समाजातली, घोव होडयेवर जाता, म्हणून लिवतंय. त्या झिलग्याचो प्रश्न वाचून माका कसातरीच झाला.

आता जरा शुद्ध लिहिते नाहीतर बाकीच्यांना कळायचं नाही. लोकांना वाटतं आम्ही रोज तिन्हीत्रिकाळ मासे खातो. अहो सकाळी आमच्याकडे उकड्या तांदळाची पेज, सोबत लोणचं नाहीतर वालीची भाजी. सोमवारी शिवराक, म्हणजे मासे-मटण नसलेलं जेवण, संकष्टीला शिवराक, अख्खा श्रावण किती घरांत शिवराक, चतुर्थीला गणपती असेपर्यंत शिवराक. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळी केली की माझी दोन्ही मुलं माशाची आठवणसुद्धा काढत नाहीत. ओल्या काजूची उसळ तर भांडून खातात. म्हणजे झाडापाल्याचं जेवण आम्हाला शिकवायला नको, ते आमचंच आहे, फक्त कुणी ते चांगलं म्हणून सांगत नाही.

म्हणून माझं म्हणणं, वर्गात 'शाकाहार' हा शब्द शक्यतो टाळा. तो ऐकला की आमच्या मुलांना वाटतं कोणीतरी आमच्या घराला नावं ठेवतंय, आणि ते उगाच नाही वाटत. खोलीच्या भाड्यापासून डब्यापर्यंत आम्ही ते ऐकलेलं आहे. 'शिवराकाचं ताट' म्हणा. घरी शिवराक असतं तेव्हा आई काय काय करते ते लिहून आणा म्हणा. बघा किती मोठी यादी होते ती.

पोषण_ताई (रत्नागिरी)

मी आहारतज्ज्ञ आहे, शाळांमध्ये जाते. आवसताईंचं शंभर टक्के पटलं. थोडी माहिती देते, मुलांना सांगताना उपयोगी पडेल.

कुळथात १०० ग्रॅमला साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा. नाचणीत १०० ग्रॅमला कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, गहू-तांदळाच्या कितीतरी पट. त्या मुलीच्या डब्यात हाडं आणि स्नायू दोन्हींची सोय होती हे तिचं नाव न घेता सगळ्या वर्गाला सांगा. तांदळाच्या प्रथिनात जो घटक कमी असतो तो डाळी-कडधान्यात भरपूर असतो आणि डाळीत जो कमी तो भातात, म्हणून पिठी-भात, आमटी-भात ही जोडी. आपल्या बायकांनी हे पुस्तक न वाचता जमवलंय.

लोहाचं मात्र नीट सांगा कारण मोठ्या होणाऱ्या मुलींचा प्रश्न गंभीर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या दर शंभर मुलींमागे ५९ जणींना रक्तक्षय निघाला. पालेभाजी, कडधान्यातलं लोह शरीरात सहज शिरत नाही, त्याच्याबरोबर सी जीवनसत्त्व लागतं. म्हणून उसळीवर लिंबू पिळायचं, जेवणानंतर पेरू नाहीतर आवळा. आणि जेवणाला लागून चहा नको, निदान तासभर अंतर ठेवा, चहा लोह अडवतो. आपल्याकडे पाचवी-सहावीतली मुलंसुद्धा भाकरी चहात बुडवून खातात, तिथेच घोटाळा होतो. उन्हाळ्यात बागेत काजूचे बोंडू खच पडलेले असतात, त्यात संत्र्याहून कितीतरी जास्त सी जीवनसत्त्व असतं, मीठ लावून खाल्ले की घशाला कमी लागतात. आपण बी काढून बाकीचं टाकून देतो.

माशाबद्दल स्पष्ट सांगते. बी-१२ हे जीवनसत्त्व झाडपाल्यात मिळत नाही, ते दूध, दही, अंडी, मासे यांतून येतं. होडीवाल्याच्या मुलाला ते माशातून मिळतंय तर चांगलंच आहे. जी मुलं मासे-अंडी खात नाहीत त्यांच्या घरी दूध-दही रोज पोटात जातंय ना ते बघायला सांगा. ताटात भांडण मासा आणि भाजी यांचं नाहीच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जे मार्गदर्शन काढलं त्यातही निम्मं ताट भाज्या-फळांचं धरलंय. तुमच्या मुलांच्या ताटात त्या निम्म्या जागेवर भात वाढलेला असतो आणि मधल्या वेळची जागा वेफर्स आणि थंड पेयांनी घेतलीय. तिथे काम करा.

आणि हात जोडून एक विनंती. सगळ्यांसमोर डबे तपासू नका, कोण जाड कोण बारीक हे वर्गात कधीच काढू नका, 'वाईट खाणं' हा शब्दही नको. मुलं घरातलं खाणं निवडत नाहीत. त्यावरून ओरडा खाल्लेली मुलं मी पाहिलीत, ती डबा आणायचंच बंद करतात.

चाकरमानी_८२

सगळं खरं पण एक विचारतो, राग मानू नका. भाकरी थापणार कोण? माझी वहिनी सकाळी आठला काजूच्या कारखान्यात हजर असते, आंब्याच्या दिवसांत तर पेट्या भरायला रात्र होते. पाच रुपयांचं पाकीट दिलं की पोरगं गप्प बसतं आणि ती कामाला जाऊ शकते. आज्या म्हणता तर आमच्या घरात आजी अंथरुणाला खिळलेली आहे. शाळेतून मूल घरी येऊन सांगणार, बाई म्हणाल्या वेफर्स नको, आणि त्या बाईमाणसाला अजून एक अपराधी वाटणार.

पोषण_ताई (रत्नागिरी)

दादा, रागावणार कशाला, हेच बोलायला हवं होतं. म्हणून मी पालकांना थापायचं काही सांगतच नाही. भाजलेले शेंगदाणे नि गूळ, चणे-कुरमुरे, केळं, रात्री भाताच्या कुकरातच उकडलेलं रताळं. नाचणी भिजवून मोड काढून वाळवून एकदाच दळून आणली की महिनाभर आंबील होतं, दहा मिनिटांचं काम, आणि मोड आणल्याने त्यातलं कॅल्शियम-लोह अंगी लागायलाही सोपं जातं. आणि हे फक्त वहिनींनीच करायचं असंही नाही, सातवीतलं मूल, मुलगा असो की मुलगी, मोड आणू शकतं.

शिवाय शाळेचं जेवण आहेच. सहावी ते आठवीला माणशी १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ-कडधान्य, ७५ ग्रॅम भाजी असं प्रमाण आहे, पाचवीपर्यंत १००, २० आणि ५०. बाई, मुलांना एक दिवस ती ७५ ग्रॅम भाजी वजनकाट्यावर बघू द्या. आणि आमटीतल्या भाज्या बाजूला काढून ठेवणाऱ्यांना ओरडण्यापेक्षा स्वयंपाकाच्या ताईंशी बोला, दुधी-भोपळा बारीक चिरून घातला तर बऱ्याचदा पोटात जातो.

जांभ्यावरचा_शेतकरी (दापोली)

फक्त परसबागेचं सांगतो. कातळावर खणू नका, जांभ्याच्या चिऱ्यांचे गुडघाभर उंच वाफे रचा, तळाला पालापाचोळा, वर माती नि शेणखत, खाली पाणी जायला फटी ठेवा नाहीतर जुलैत सगळं कुजेल. माकडांसाठी आमच्याकडे टिकलेली पिकं म्हणजे हळद, आलं, अळू, सुरण. वेलभाज्या आणि वांगी लावायचीच असतील तर वरून जाळं हवं, दुसरा उपाय मला तरी सापडला नाही. चवळीसाठी आमच्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण सदाबहार' जात बघा. शेवगा कुंपणाला एक असू द्याच, पाल्याची भाजी बारमाही. आणि मे महिन्यात पाणी कोण घालणार ते आत्ताच ठरवा, शाळांच्या बागा तिथेच मरतात.

शाळेतली_बाई (देवगड तालुका)

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन शनिवार झाले म्हणून सांगायला आले.

तक्ता उतरवला. फळ्यावर 'शिवराकाचं ताट' लिहिलं आणि घरोघरच्या पदार्थांची यादी सुरू केली, एकेचाळीस झाले तेव्हा फळा भरला. घावणे, कुळथाची पिठी, नीरफणसाचे काप, तवशाचं धोंडस, मला स्वतःला माहीत नसलेलं एक कणगराचं काहीतरी. तोच सहावीतला मुलगा उठून म्हणाला, बाई आमचं सांबारं लिहायचं राहिलं.

मग कुळीथ. प्रत्येकाने मूठभर आणला, शुक्रवारी सकाळी भिजत घातला, शनिवारी ओल्या पंचात बांधला. रविवारी शाळा बंद म्हणून गाठोडं कोणी नेणार विचारलं तर त्यानेच हात वर केला. त्याच्या आजीने दोनदा पाणी शिंपडून ठेवलं म्हणे. सोमवारी पंचा सोडला तेव्हा दमट वास आणि त्या मातकट दाण्यांतून पांढरे वाकडे मोड, सगळे डोकं घालून बघत होते, एकाचं नाक जवळपास उसळीत. आधी शंभर दाणे मोजून वेगळी पुरचुंडी केली होती, त्यातल्या ८६ दाण्यांना मोड आले, शेकडेवारीचा धडा फुकट झाला. पट्टीने मोड मोजले, सर्वात लांब दोन सेंटिमीटर. स्वयंपाकाच्या ताईंनी त्याचीच उसळ केली, वर लिंबू पिळलं. चार जणांनी टाकली, बाकीच्यांनी खाल्ली, सात-आठ जणांनी परत मागितली.

पाचवीतली ती मुलगी अजून झाकण धरूनच खाते. मी तिला काहीच म्हटलं नाही. मी मात्र परवापासून छोट्या सुट्टीत माझा डबा घेऊन मुलांतच बसते, त्यात नाचणीची भाकरी असते.

चाकरमानी दादा, पालकसभेत पहिलं वाक्य हेच बोलणार आहे की यातलं काही आईच्या डोक्यावर टाकायचं नाहीये.

येत्या शनिवारी तीन आज्या येणार आहेत, फोडशी आणि भारंगी घेऊन. गुरुजी, फोडशीचा मधला जाड दांडा काढून टाकायचा असतो ना?

खाडीकाठचे_गुरुजी (गुहागर)

हो, काढायचा, आणि खालचा पांढरा भागही. तीन पाण्यांनी धुवा, पानांच्या बेचक्यात माती बसलेली असते. भारंगी कडू लागते, ती उकळून पाणी काढून टाका आणि मुलांना आधी चिमूटभरच द्या.