जपानला ड्रोन नेताय? इथे लिहा (अनुभव धागा)

पाणकावळा:
साकुराचे (चेरीच्या बहराचे) वरून घेतलेले व्हिडिओ पुन्हा फिरायला लागले आणि जून २०२२ ची धावपळ आठवली. तोवर जपानच्या ड्रोन नियमांतून सुटायची मर्यादा २०० ग्रॅमची होती. डीजेआय कंपनीने माविक मिनी हा छोटा ड्रोन खास जपानसाठी छोटी बॅटरी लावून १९९ ग्रॅमचा काढला होता तो त्यासाठीच. २० जून २०२२ पासून मर्यादा १०० ग्रॅम झाली आणि ती पळवाट बुजली. तरी अजून लोक '२४९ ग्रॅमचा आहे, काही लागत नाही' म्हणत बॅगा भरतात. युरोपातली २५० ची सवय तिथे चालत नाही. अशा ड्रोनची सरकारी नोंदणी न करता उडवलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा ५ लाख येनपर्यंत दंड आहे. ज्यांना पक्कं माहीत आहे त्यांनी भर घाला, प्लीज.

निशिकासाईकर:
वजन म्हणजे मशीन अधिक बॅटरी. प्रॉप गार्डसारख्या (पंख्यांभोवतीची कडी) काढता येणाऱ्या गोष्टी धरत नाहीत.
नोंदणी डिप्स २.० या जपान सरकारच्या ड्रोन संकेतस्थळावर, इंग्रजी पान आहे. माय नंबर कार्डाने (तिथल्या रहिवाशांचं ओळखपत्र) ९०० येन, दुसऱ्या ओळखपत्राने ऑनलाइन १४५०, कागदी अर्ज २४००. तीन वर्षं चालते. जेयूने सुरू होणारा क्रमांक मिळतो. तो मशीनच्या अंगावर उठून दिसेल अशा रंगात, अक्षरं किमान ३ मिमी उंच. बॅटरीवर किंवा तिच्या झाकणावर चिकटवू नका, सुटा होणारा भाग चालत नाही.

मेघना_ओसाका:
आणि रिमोट आयडी!! म्हणजे उडताना मशीनने स्वतःची ओळख रेडिओवरून सांगायची सोय. नोंदणीनंतर तो क्रमांक मशीनमध्ये लिहावा लागतो. भारतात किंवा दुबईत घेतलेल्या मॉडेलमध्ये जपानचा आयडी लिहिला जाईलच असं नाही. तिकिटाआधी कंपनीला मॉडेल आणि सीरियल नंबर देऊन विचारा. नाहीतर बाहेरून लावायचं वेगळं यंत्र घ्यावं लागतं, आणि एवढ्याशा मिनीला तेही ओझंच.
बाकी कुकर लावलाय, नंतर येते.

वाऱ्यावरचा:
गितेकी खूण कोणी सांगितली नाही अजून. रेडिओच्या मान्यतेची खूण, ड्रोन आणि रिमोट दोन्हींवर हवी (काहींमध्ये ॲपच्या सेटिंगमध्ये दिसते). ५.८ गिगाहर्ट्झचा रेडिओ तर लायसनशिवाय चालूच करू नका. गॉगलमध्ये ड्रोनच्या कॅमेऱ्याचं चित्र बघत एफपीव्ही उडवणाऱ्यांना किमान चौथ्या वर्गाचं हॅम (हौशी रेडिओ) लायसन आणि वर रेडिओ स्टेशनचं लायसन लागतं. आठवड्याच्या सहलीत हे होणं अवघड. एफपीव्ही घरीच ठेवा.

सई_कु:
मग नोंदणी झाली की टोकियोत शिंजुकूत उडवता येतो ना?

निशिकासाईकर:
नाही सईताई. नोंदणी वेगळी, परवानगी वेगळी. दाट वस्तीचा भाग, विमानतळाचा परिसर, जमिनीपासून १५० मीटरच्या वर, या तिन्हींना वेगळी परवानगी काढावी लागते. दाट वस्ती जनगणनेवरून ठरते आणि टोकियोचे २३ वॉर्ड जवळजवळ सगळे त्यात येतात. राष्ट्रीय भूगोल संस्थेच्या ऑनलाइन नकाशावर तो थर चालू करून बघा.
शिवाय जागा मोकळी असली तरी रात्री, नजरेआड, जत्रेवर, किंवा अनोळखी माणूस-गाडी-इमारतीपासून ३० मीटरच्या आत उडवायला वेगळी मंजुरी लागते. अर्ज कामकाजाचे किमान १० दिवस आधी. साधारण १० तास उडवल्याचा अनुभव दाखवावा लागतो, म्हणून आत्तापासून नोंदवही ठेवा. मंजुरीच्या उड्डाणाला आधी उड्डाण आराखडा आणि नंतर नोंद, दोन्ही सक्तीचं.

सई_कु:
बापरे. नवरा आधीच पॅक करून बसलाय 😟

पाणकावळा:
शिंजुकूत वरूनच बघायचं असेल तर टोकियो महानगर सरकारच्या इमारतीत ४५ व्या मजल्यावर, २०२ मीटर उंचीवर, फुकट गच्ची आहे. काचेतून, पण झकास. हवा स्वच्छ असली तर फुजीही दिसतो. सकाळी जा.

मेघना_ओसाका:
आले. बागांचं: टोकियो महानगराच्या बागांत बंदी, ओसाका शहराच्या बागांतही. देवळांच्या आवारात उडवायला जागेच्या मालकाचा होकार लागतो, क्योटोत तो मिळेल अशी आशा धरू नका. राजवाडा, संसद, काही वकिलाती, अणुवीज केंद्रं यांच्याभोवती तर वेगळाच कायदा आहे आणि तिथे १०० ग्रॅमच्या खालचं खेळणंही चालत नाही.

वाऱ्यावरचा:
एक सोय मात्र छान आहे, फारसं कोणी वापरत नाही. ३० मीटरपर्यंतच्या मजबूत दोरीने मशीन पक्क्या वस्तूला बांधलं आणि त्या घेरात बाहेरचं कोणी येणार नाही अशी व्यवस्था केली, तर दाट वस्ती, रात्र, ३० मीटर अंतर यांची परवानगी लागत नाही. विमानतळाजवळ आणि जत्रेवर लागतेच. दोरी हातात धरून चालत सुटलात तर ते बांधलेलं धरत नाहीत. आणि दोरी पंख्यांच्या वाटेत येऊ देऊ नका: खाली मध्यावर बांधा आणि सैल सोडू नका, सैल झाली की वर उडून गुरफटते.

गिरगावकर_काका:
मंडळी, परत यायचं कोण सांगणार? ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशातून तयार ड्रोन भारतात आयात करायला बंदी आहे. आपला घेऊन जात असाल तर निघताना कस्टम्सकडे वस्तू दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्या, सीरियल नंबर त्यावर लिहून घ्या. चेक-इनच्या आधी, बॅग पट्ट्यावर गेली की संपलं. पावती नसेल तर येताना वाद होतो. टोकियोत स्वस्त दिसला म्हणून भाच्यासाठी नवा आणू नका.
बॅटऱ्या केबिनमध्येच. मिनीची साधी बॅटरी १८-१९ वॉट-तासांची, १०० च्या मर्यादेत आरामात बसते. टोकांना चिकटपट्टी लावा.

सई_कु:
काका, प्रमाणपत्राला किती वेळ धरायचा? आमचं विमान रात्री १ चं आहे.

गिरगावकर_काका:
नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा. खरेदीचं बिल, पासपोर्ट, तिकीट हातात ठेव, आणि ड्रोन बॅगेत सगळ्यात वर.