मदत हवी आहे: बजरीगरसाठी जस्ताचा मुलामा दिलेला जुना पिंजरा चालेल का?

पुढच्या आठवड्यात घरी बजरीगरची जोडी येतेय. ओळखीतून जुना पिंजरा मिळालाय, चांगला ऐसपैस. तारांमधलं अंतर १२ मिमीच्या आत आहे, त्यामुळे डोकं अडकायची भीती नाही. अडचण तारेचीच आहे. तिला जस्ताचा मुलामा आहे आणि सांध्यांवर पांढरी भुकटी धरली होती, बोट फिरवलं की लागायची. एका कोपऱ्यात तर मुलाम्याचे टोकदार थेंब सुटत आलेत. हे पक्षी चोचीने तार धरूनच चढतात, आणि जस्त पोटात गेलं की विषबाधा. म्हणून धास्ती वाटतेय.

व्हिनेगर लावून ताठ ब्रशने घासला, खळखळून धुतला, उन्हात वाळवला. भुकटी गेली, थेंब तसेच आहेत. रंग द्यायचा नाही, तो सोलून खातील.

बाकी तयारी झालीय: वेगवेगळ्या जाडीच्या, औषध न फवारलेल्या फांद्या बसवल्यात. नॉनस्टिक भांडी बाद केली (जास्त तापली तर त्यांच्या वाफांनी पक्षी मरतात). जागा स्वयंपाकघरापासून लांब, भिंतीलगत. पक्षी बाहेर असताना पंखा लावायचा नाही, हेही सगळ्यांना बजावून झालंय. स्टेनलेस स्टीलचा पिंजरा सध्या परवडणारा नाही, तेवढं सोडून सुचवा.

असा पिंजरा ज्यांनी बरीच वर्षं वापरलाय त्यांना विचारायचंय: ते थेंब कानशीने घासून काढले तर पुरे, की ती बाजूच बदलावी? आणि भुकटी पुन्हा धरते का?